एकाच नावाचा कागद

दोरवाल्याची पोर आधी मागे चालायला शिकली आणि मग पुढे, असं गावात म्हणायचे. लोकांच्या जिभेला काय, हाड नसतं. पण ह्यात फारसं खोटंही नव्हतं. दोर वळायचा तर एकाने चाकापाशी बसून चाक फिरवायचं, आणि दुसऱ्याने कमरेला वाखाची, म्हणजे घायपाताच्या तंतूंची, जुडी बांधून, तिच्यातून चिमटीने वाख सोडत सोडत मागे मागे जायचं. चाक पीळ देतं, माणूस लांबी देतो. मागे वळून बघायची सोय नाही. मान वळली की खांदा हलतो, खांदा हलला की चिमूट सैल पडते, आणि सूत एके ठिकाणी जाड तर एके ठिकाणी केसाएवढं होतं. मध्येच तुटलं तर गाठ मारायची नाही. गाठीचं सूत घातलेला दोर नेमका तिथेच दगा देतो, आणि दोराच्या टोकाला कुणाची तरी म्हैस असते, नाहीतर विहिरीत उतरलेला माणूस असतो. तुटलेलं सूत टाकायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. दोरवाल्याच्या बापाने त्याला हे कान पिळून शिकवलं होतं. त्याने पोरीला कान न पिळता शिकवलं, एवढाच काय तो फरक.

आधी मागे चालायचं काम त्याची बायको करायची. मग तिचा गुडघा गेला. तेव्हापासून ती पानं ठेचायला बसली आणि पोर सुतामागे चालायला लागली. घरापासून शाळेच्या मैदानापर्यंत शंभर पावलांची सरळ पट्टी, टोकाला एक दगड. शाळेआधी आठ फेऱ्या, शाळेनंतर जमतील तेवढ्या. शाळेतली पोरं तिला उलटपायी म्हणायची. भुताचे पाय उलटे असतात ना, त्यावरून. पहिल्यांदा ती रडली, मग चिडली, मग त्याच नावाने ओ द्यायला लागली. घरी मात्र आई तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारायची, सबंध, एकही अक्षर न गाळता, आणि दिवसातून पन्नास वेळा.

त्या वर्षी पावसाने हात आखडला. ज्या खड्ड्यात घायपाताची पानं कुजत घालायची, त्यात वीतभर चिखल उरला. पानं अर्धी कुजायची, अर्धी तशीच राहायची, आणि अशा अर्धवट पानांचा वाख काढताना जी खाज सुटते ती शत्रूलाही सुटू नये. बायकोचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. पोरीच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. दोरवाल्याला काही झालं नव्हतं, कारण तो चाकावर बसत होता, आणि हे त्याला दिसत नव्हतं असं नाही.

अशात शाळेत शिट्टीबाई आली.

शिट्टीबाई म्हणजे पंचवीस-सव्वीस वर्षांची एक उंच पोरगी, गळ्यात शिट्टी, हातात जाडजूड पुस्तक आणि पाठीवर फाटलेलं पोतं. पोत्यात दहा फुटबॉल. फाटक्या जागेतून एक चेंडू निसटला आणि घरंगळत थेट दोरवाल्याच्या पट्टीवर आला. तो उचलून द्यायला उठला, तेवढ्यात बाई स्वतःच आली.

"काका, सॉरी हं. पोतं फाटलंय."

"दिसतंय की," दोरवाला म्हणाला. "एवढं काय आणलंय?"

तिने सांगितलं. अकरा देशांतल्या शाळांमध्ये हा कार्यक्रम चालतो. सगळीकडे हेच पुस्तक, हाच चेंडू, हेच नियम. वर्षभर शाळेत शिकवायचं, मग चांगल्या मुली निवडून शहरातल्या क्रीडाशाळेत न्यायच्या. तिथे राहणं, जेवण, शिक्षण, सगळं त्यांचं. पुढे दुसऱ्या देशांतल्या शाळांशी सामने.

"अकरा देशांत एकच पुस्तक," दोरवाला म्हणाला. "आमच्या घरात दोन माणसांचं एकमत होत नाही."

बाई हसली. तिचं हसणं त्याला बरं वाटलं. दोन संध्याकाळी बसून त्याने चांगल्यातल्या चांगल्या सुतळीची एक जाळीदार पिशवी विणली, दहाही चेंडू मावतील अशी, आणि नेऊन दिली. बाई पैसे काढायला लागली तर तो म्हणाला, "राहू द्या हो, उरलेल्या सुतळीची आहे." उरलेली नव्हती.

पोर खेळायला कशी लागली ते बाईनेच त्याला नंतर सांगितलं. पहिल्याच आठवड्यात तिने मुलींना उलटं धावायला लावलं. समोरचा चेंडू घेऊन अंगावर येतो तेव्हा बचाव करणाऱ्याला तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरावं लागतं. सगळ्या मुली दोन पावलं टाकत, मागे बघत, अडखळत आणि बुडावर पडत. दोरवाल्याची पोर मैदानाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. एकदाही मागे बघितलं नाही, आणि बरोबर रेषेवर थांबली.

"काका, हे मी कुणाला वर्षभरात शिकवू शकत नाही," बाई म्हणाली. "आणि हिला कळतं की मागे किती जागा उरली. कसं कळतं?"

"पावलं मोजते," दोरवाला म्हणाला. "त्यात काय एवढं."

पण त्या रात्री जेवताना त्याने ही गोष्ट बायकोला दोनदा सांगितली. पोर मान खाली घालून ऐकत होती. तिचे कान लाल झाले होते.

पुढे रोज चार ते पाच खेळ. दोरवाला वळलेला दोर गुंडाळता गुंडाळता बघायचा. खेळातलं त्याला ओ की ठो कळायचं नाही. एवढं कळायचं की समोरून कुणीही, कितीही जोरात आली, तरी त्याची पोर तिच्यापुढे मागे मागे सरत राहते, घाई करत नाही, आणि समोरचीचा पाय जरा चुकला की चेंडू हिच्याकडे. बाईने तिला जुने बूट दिले, एका बुटाची टाच झिजलेली. पोर ते मैदानावर जाऊन घालायची आणि येताना काढून हातात आणायची. घरात खुंटीला टांगायची.

वर्ष सरत आलं तेव्हा तीन मुली निवडल्या गेल्या. शाळेतून एवढ्या जणी जातील असं हेडमास्तरांनाही वाटलं नव्हतं. तिघींत उलटपायीचं नाव पहिलं. पोर पळत घरी आली, सरळ पळत आली, आणि आईच्या अंगावरच आदळली.

"आई, तिथे पाणी नळाला येतं. आणि सातवीच्या पुढेही तिथेच शिकवतात, अगदी शेवटपर्यंत."

"बरं बरं," आई म्हणाली. "हात लावू नको मला, वाख लागेल." पण तिने तिला सोडलं नाही.

फॉर्मला जन्माचा कागद हवा होता. निघायच्या दिवशी मुलगी तेरा वर्षांच्या आत पाहिजे. दोरवाल्याने पत्र्याची पेटी उघडली, तळातला घडी घातलेला कागद काढला, खिशात ठेवला आणि अंघोळ करून शाळेत गेला. कागद त्याने ऐटीत बाईच्या हातात दिला.

बाईने वाचला. पुन्हा वाचला.

"काका, ह्याच्यावर ती चौदा वर्षं पाच महिन्यांची होते."

दोरवाल्याने वाकून कागदावर नजर टाकली.

"पण ती तर बारा-तेराची वाटते. तारीख चुकली असेल का?"

"तारीख बरोबर आहे," दोरवाला म्हणाला. आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण किती खरं बोललो. तारीख अगदी बरोबर होती. फक्त ती ह्या पोरीची नव्हती.

घरी आला तेव्हा बायको मोगरीने पानं ठेचत होती.

"दिला कागद?"

"दिला."

"मग?"

"चौदा वर्षं पाच महिने, म्हणाली."

मोगरी थांबली. "तो तिचा आहे," बायको म्हणाली.

"माहीत आहे."

"मग दिलात कशाला?"

"आपल्याकडे दुसरा कुठे आहे?"

त्यांची पहिली मुलगी दवाखान्यात झाली होती, म्हणून तिचा कागद झाला. कागद घरी आला आणि आठवड्याभरात ती गेली. चाळीस दिवसांची होती. घरामागे माती दिली, कुणाला कळवायचं असतं हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. पुढे दुसरी झाली ती घरीच, दोराच्या हंगामात, चाक चालू असताना. आईने तिला तेच नाव ठेवलं. ते नाव तिला टाकवत नव्हतं. दुसरीचा कागद करायला कचेरीत जायचं होतं. एक दिवस मोडायचा होता, आणि तो दिवस कधी मोडलाच नाही. शाळेत घालायची वेळ आली तेव्हा गुरुजींनी कागद मागितला. पेटीत कागद होता. नाव तेच, आईबाप तेच. दोरवाल्याने दिला. वर आणि कागदाने पोर पावणेदोन वर्षांनी मोठी झाली म्हणून लवकर शाळेत बसली. साडेपाच वर्षांची पोर फिरत्या चाकाजवळ बसण्यापेक्षा बरं. तेव्हा त्याला आपण मोठे हुशार वाटलो होतो.

"खरं सांगून टाकू," दोरवाला म्हणाला. "पहिली गेली, हा तिचा कागद, ही दुसरी, हिचा नवा करून द्या. कचेरीत एवढंच तर सांगायचं."

"गेली असं लिहून देणार?"

"मग कसं सांगणार?"

"मी नाही लिहून देणार." बायकोने पुन्हा मोगरी उचलली. "ती मेली असं मी आजवर तोंडाने बोलले नाही. तिच्या नावाने हाक मारत होते, मध्ये थोडे दिवस थांबले, पुन्हा मारायला लागले. तुम्हाला काय, तुम्ही चाक फिरवत होतात."

तो उठून चाकाकडे गेला. खरं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही.

दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. पोरीला काहीतरी बिनसलंय एवढं कळत होतं, काय ते कळत नव्हतं. तिने आपल्या बाजूने तयारी चालवली होती. एक पिशवी धुऊन वाळत घातली. बूट पुसले, त्यांना थोडं तेल लावलं, झिजलेल्या टाचेत वाखाचा बोळा कोंबला. मग बुटांच्या शिवणीवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिची आई दारात उभी राहून बराच वेळ त्या बुटांकडे बघत होती. मग आत आली.

"चला कचेरीत," ती म्हणाली. "एस्टीत मला खिडकीशी बसवा, नाहीतर मळमळतं."

कचेरी लांब होती. दोन गाड्या बदलून पोचले तेव्हा रांग दारापर्यंत आली होती. उन्हाने भिंत तापली होती, तिला टेकताही येत नव्हतं. बायकोचा गुडघा सुजला तेव्हा ती खाली बसली, तर शिपायाने उठवलं. "बाई, जाण्यायेण्याची वाट आहे ही." ती उठली. पुढची माणसं सरकली तशी एका पायावर सरकत राहिली.

खिडकीमागच्या कारकुनाच्या अंगठ्याला पट्टी होती, त्यामुळे तो सगळं सावकाश करत होता. माणूस वाईट नव्हता. सगळं ऐकून घेतलं, मधे बोलला नाही, वही शोधली, पान काढलं.

"ह्या नावाची, ह्याच आईबापांची मुलगी आहे इथे. जिवंत आहे."

"ती गेली, साहेब. चौदा वर्षं झाली."

"आमच्याकडे जिवंत आहे. ती असताना त्याच नावाची दुसरी नोंद मी कशी उघडू? आधी ही बंद करावी लागेल." त्याने एक फॉर्म पुढे केला. "गेल्याची तारीख?"

दोरवाल्याने वर छताकडे बघितलं. त्याला हंगाम आठवत होता, तारीख आठवत नव्हती. बायकोने तारीख सांगितली. महिना, वर्ष, वार. "पहाटे. शेजारची पाणी भरायला निघाली होती. घागरीचा आवाज आला, आणि हिचा बंद झाला."

"तारीख पुरे, बाई," कारकून हळू आवाजात म्हणाला. "कारण?"

"ताप."

"डॉक्टर कोण होता?"

"कुणी नाही."

त्याने लिहिलं. मग शाईचा डबा पुढे सरकवला. बायकोने अंगठा टेकवला आणि कागदावर दाबला. काळा डाग उठला, रेघा उठल्या नाहीत. वीस वर्षं वाख सोडून सोडून तिच्या अंगठ्याच्या रेघा गेल्या होत्या. कारकुनाने डाग उजेडात धरून बघितला.

"नाही आला नीट. पुन्हा लावा. जरा जोरात."

तिने पुन्हा लावला. पुन्हा डाग.

"अजून एकदा. पुसून घ्या आधी."

तिसऱ्या वेळी दोरवाल्याने तिचं मनगट धरलं आणि वरून आपल्या हाताने दाबलं. कशाबशा दोन रेघा उठल्या. तेवढ्या चालतील, कारकून म्हणाला. बायको आपल्या अंगठ्याकडे बघत उभी होती. रांगेतला मागचा माणूस म्हणाला, "झालं असलं तर सरा की पुढे."

मरणाचा कागद तासाभरात हातात आला, शिक्क्यासकट. दोरवाल्याला हुरूप आला.

"आणि आता धाकटीचा, साहेब?"

"तिचा अर्ज घेतलाय. उशिरा नोंद आहे ना, त्यामुळे तीस दिवस फलकावर नोटीस लागेल. कुणाची हरकत आली नाही तर मोठ्या साहेबांची सही."

"साहेब, एकोणीस दिवसांनी गाडी निघते."

"तीस दिवस म्हणजे तीस दिवस."

"मग ह्याला नाही लागली नोटीस?" दोरवाल्याने हातातला कागद वर केला.

"मरणाला कोण हरकत घेतं, बाबा?" कारकून म्हणाला. आणि त्याला स्वतःलाच ते बरं वाटलं नसावं, कारण त्याने मान खाली घातली आणि पट्टी बांधलेला अंगठा उगाच चोळत बसला.

परत येताना बायको खिडकीशी बसली होती, पण बाहेर बघत नव्हती. घरी पोचले तेव्हा पोर दारातच उभी. "झालं का आई?" आईने तिच्याकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि मग नुसतंच म्हणाली, "बाजूला हो गं, पाय दुखतोय." त्या दिवसापासून ती पोरीला नावाने हाक मारेना. अगं, ए, ऐकलंस का, असंच. दोरवाल्याच्या ते लक्षात आलं. त्याचंही तेच होत होतं.

तरी माणूस शहाणपण करायचं थांबत नाही. दोरवाल्याने विचार केला, निदान मरणाचा कागद आणि अर्जाची पावती दाखवू, म्हणजे आपण खोटे नाही हे तरी कळेल. दुसऱ्याच दिवशी हेडमास्तरांच्या टेबलावर दोन्ही ठेवलं. हेडमास्तरांनी चष्मा लावला, वाचलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"अरे, हे काय करून बसलास तू?"

"खरं केलं, सर."

"खरं केलंस, पण मला खड्ड्यात घातलंस. माझ्या पटावर जी मुलगी आहे ती ह्या कागदावरची. ह्या कागदावरची तर मेली. आता मेलेल्या मुलीला मी सातवीत कसा बसवू? तपासणी आली तर?"

"पोर तर तीच आहे ना, सर. रोज बघता तुम्ही तिला."

"मी बघून काय उपयोग." हेडमास्तरांनी पट काढला, पट्टी ठेवली आणि एका नावावर तांबडी रेघ मारली. वाकडी जाऊ नये म्हणून जपून मारली. "नवा कागद आला की घेऊन ये. वय बघून बसवू कुठेतरी. पाचवीत, सहावीत. तोवर तिला पाठवू नकोस."

शिट्टीबाई बाहेर ऐकत उभी होती. तिने तिथेच कुणाला तरी फोन लावला. बराच वेळ बोलली, मग नुसतीच ऐकत राहिली. दोरवाला व्हरांड्याच्या खांबाला धरून उभा होता.

"काका, गेल्या वर्षी एका देशात मोठ्या वयाच्या मुली खोट्या कागदांवर खेळवल्या," ती म्हणाली. "तेव्हापासून कागद हातात असल्याशिवाय घेत नाहीत. पावती चालत नाही. डॉक्टरचं पत्रही चालत नाही."

"तुम्ही सांगा ना, बाई. तुम्ही तिला बघितलंय."

"सांगितलं. मी नियम मोडून तिला गाडीत बसवली, तर शाळाच बाद करतील. त्या दोघींनाही मग उतरावं लागेल."

"आणि पुढच्या साली?"

बाईने नकाराची मान हलवली. तेराच्या आतलीच घेतात, आणि पुढच्या साली पोर चौदाला टेकणार. हिशेब दोघांनाही येत होता. बाईचे डोळे भरले. दोरवाल्याला वाटलं, हिला काहीतरी बरं वाटेल असं बोलावं. त्याने विचारलं, "पिशवी टिकली का?"

"मस्त टिकली, काका," बाई म्हणाली आणि तोंड फिरवलं.

दुपारी पोर घरी आली ती दप्तरासकट. हेडमास्तरांनी वर्गातून उठवून सांगितलं होतं. तिने दप्तर ठेवलं, कमरेला वाख बांधला, सुताचं टोक चाकाच्या आकड्याला लावलं आणि मागे चालायला लागली. दोरवाल्याने चाक धरलं. दहा पावलांवर गेल्यावर तिने विचारलं.

"बाबा, माझ्याआधी एक होती?"

"होती."

पंधरा पावलं. "तिचंच नाव मला?"

"हो."

"आणि तिचंच वय?"

"कागदावर. कागदावर फक्त." चाक करकरत होतं, त्याला आवाज चढवावा लागत होता. वीस पावलं, पंचवीस पावलं. असल्या गोष्टी ओरडून सांगायच्या नसतात, पण चाक थांबवलं तर सूत जातं. "आम्हाला वाटलं, काय फरक पडतो. आमची चूक झाली. माझी झाली."

पोर तीस पावलांवर गेली होती. तिचे ओठ हलले, पण त्याला ऐकू आलं नाही.

"काय म्हणालीस?"

"काही नाही," ती ओरडून म्हणाली. "चाक जरा हळू फिरवा. वाख कच्चा आहे."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती रडली असती, भांडली असती, दोन दिवस जेवली नसती, तर त्याला समजूत घालता आली असती. तिने कामातली चूक काढली, आणि ती चूकही खरी होती.

ते सगळे दिवस मग तसेच गेले. वाख काढायचा, वाळवायचा, विंचरायचा, सूत, दोर. बूट खुंटीवर होते. पोर चार वाजता मैदानाकडे जात नव्हती. चार वाजले की उलट जास्त वेगाने चालायची. दोरवाला दोनदा कचेरीत जाऊन आला. नोटीस फलकावर होती. एकदा तिच्यावर दुसरी नोटीस लागली होती, ती त्याने टाचणी काढून बाजूला लावली, तर शिपाई ओरडला.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी गाडी आली. पट्टीच्या अंगानेच रस्ता होता. दोरवाल्याने आदल्या दिवशी ठरवलं होतं की आज काम ठेवायचं नाही, पोरीला घेऊन कुठेतरी जायचं. पण पोर उजाडायच्या आतच वाख बांधून तयार होती.

"आज राहू दे," तो म्हणाला.

"कशाला?" ती म्हणाली.

त्याने चाक फिरवायला घेतलं. बायको खड्ड्याकाठी पानं उलटत होती. पोर मागे मागे निघाली, तोंड घराकडे, पाठ शाळेकडे. शाळेपुढे गाडीत सामान चढत होतं. दोन मुलींच्या आया मुलींना पुन्हा पुन्हा जवळ घेत होत्या, हेडमास्तर हात बांधून फोटोसाठी उभे होते. शिट्टीबाईने चेंडू टपावर चढवले. दोरवाल्याला आपली जाळी लांबूनही ओळखू आली. दहाही चेंडू तिच्यात घट्ट बसले होते. जाळी गेली शहराला, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याने मान खाली घातली.

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. पोरीने मागे बघितलं नाही. ती मोजून पावलं टाकत होती, ऐंशी, नव्वद. गाडी रस्त्याला लागली आणि तिच्या शेजारून पुढे गेली. आतून कुणीतरी ओरडलं, "उलटपायी!" तिने मानही हलवली नाही. शंभर. टोकाचा दगड आला.

ती थांबली नाही.

दगडाला वळसा घालून ती तशीच मागे गेली. मैदानाच्या रेषेवरून, आत, मैदानात. कमरेचा वाख संपत आला होता, सूत बारीक होत चाललं होतं, हाताला चाक हलकं लागत होतं. दोरवाल्याला कळलं की आता हाक मारायला हवी. तो उठला, तोंड उघडलं. पोरीचं नाव त्याला घेता येईना. त्या नावाचा मरणाचा कागद पेटीत होता, शिक्क्यासकट, त्यासाठीचा अंगठा त्याने स्वतःच्या हाताने दाबला होता.

"अगं," तो म्हणाला. एवढ्याशा आवाजाने चाकाच्या पलीकडेही कुणाला ऐकू गेलं नसतं. "अगं ए."

सूत तुटलं. पोर मागे चालतच होती, आता हातात काही नसताना, दोन बोटांची चिमूट तशीच धरून.

तेव्हा बायको खड्ड्याकाठून उठली. सुजलेल्या गुडघ्यावर हात ठेवून तिने हाक मारली. नावाने. सबंध नाव, एकही अक्षर न गाळता, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी.

पोर थांबली. गोलाच्या खांबापासून हातभर अलीकडे, मागे न बघता. मग परत यायला लागली. सरळ चालत आली. जवळ आली तेव्हा दिसलं की तोंड सगळं ओलं होतं. आईसमोर येऊन तिने रिकाम्या कमरेला हात लावून दाखवला.

"वाख संपला, आई," ती म्हणाली.

"देते," आई म्हणाली. "बस जरा. देते."

दोरवाला पट्टीवर गेला. धुळीत सुताचे दोन तुकडे पडले होते, एक चाकाकडचा, एक मैदानाकडचा. त्याने दोन्ही उचलले. सगळं सूत टाकून पहिल्यापासून सुरू करायला हवं होतं. ती शंभर पावलं त्या पोरीला आज पुन्हा चाल म्हणून सांगायची त्याची छाती झाली नाही. त्याने दोन्ही टोकं जुळवली आणि गाठ मारली. बायकोने ते बघितलं. ती जुडी सोडून वाख विंचरायला लागली.